चिमाक्काचा मधला ढीग

फार वर्षांपूर्वी खारींना मोजता येई, आणि आपल्यासारखं चुकताही येई. पाच खारी दोन, चार, सहा, आठ, दहा अशा शेंगा आणत आणि एकत्र करून सारख्या वाटून घेत. दरवेळी प्रत्येकीला मधल्या चिमाक्काइतक्याच, म्हणजे सहा मिळत. ती शेपटी फुगवून म्हणे, "मोजता कशाला गं? माझा ढीग बघा!"

एकदा थोरलीला शेंगांचं फाटकं पोतं सापडलं. तिने दहाऐवजी तीस आणल्या. तरी चिमाक्काचं आपलं, "सहा-सहा घ्या!"

वाटप झालं, तरी वीस शेंगा उरल्या. घरी पिल्लं उपाशी असलेली बारकी म्हणाली, "अक्का, ह्या काय भुतांच्या?"

सगळ्या खिदळल्या. शेपटीत तोंड खुपसून चिमाक्काने आणखी चार-चार वाढल्या. स्वतःच्या उचलायला मात्र तिचा हात धजेना.