वळचणीतला कप

कपबश्या आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका घराच्या वळचणीत कान तुटलेला एक कप खोचलेला असे. लाकडं फोडायला येणाऱ्या केरबाचा तो वेगळा कप. केरबाने तो स्वतः काढायचा, घरच्या वैनींनी वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळायचा आणि परत खोचून ठेवायचा. वारा लागला की कपाला डुलकी येई, आणि स्वप्नात तो आतल्या फळीवर, इतर कपांच्या रांगेत बसलेला असे.

एकदा जाग आली, तर पोटात काड्या, पिसं आणि ऊबदार अंडी. "हलू नकोस बाबा," चिमणी म्हणाली.

दुपारी केरबाने हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. "वैनी, चिमणी बसलीय यात. चहा राहू दे आज."

वैनी चहाचं भांडं धरून उभ्याच राहिल्या. चहाची वाफ वर जात राहिली. मग त्या आत गेल्या आणि फळीवरचा एक कप घेऊन आल्या. केरबा चहा प्यायला आणि सवयीने विसळायला उठला.

"ठेव तिथंच," वैनी म्हणाल्या.

संध्याकाळी वैनींनी तो कप विसळून परत ठेवला, तशी फळीवर कुजबुज झाली. "बाटलास की रे तू. काय झालं तुला?"

तो कप बराच वेळ विचार करून म्हणाला, "काही नाही. चहा गरम होता."

पिल्लं उडून गेली, तरी केरबाचा हात वळचणीकडे पुन्हा आला नाही; त्याचा चहा आता फळीवरच्या कपातच येई. कप वाऱ्यावर डुलत राहिला. सगळ्यांनी आपल्याला असंच विसरून जावं, असं मनाशी म्हणत तो झोपी गेला.