सात नगरांची शिळावाट

एका राज्यात सात नगरे होती आणि सातही वेशींवर माणसांच्या शिळा उभ्या होत्या. कालांजन मांत्रिकाचा शापच तसा होता: जवळची वाट सोडून लांबून येईल, तो वेशीवरच शिळा होईल.

राज्यात जुना रिवाज होता. कुठूनही कुठेही जा, आधी राजधानीत सिंहासनाला मुजरा करायचा. वज्रा नावाच्या मुलीचे वडील, लवणपूरचे वाटाडे, तो पाळूनच चंदनपूरला गेले आणि तिथल्या वेशीवर शिळा झाले.

मांत्रिकाचा नीळकंठ पक्षी दरबारात येऊन म्हणाला, "तीन प्रश्न, दोन नगरांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेचे. पहिल्या दोहोंची उत्तरे सांगायची, तिसऱ्याची वाट चालून दाखवायची. चुकाल तर शाप कायमचा."

वज्रा पुढे झाली. तिने मृगाजिनावर सात ओळी, सात रकाने आखले आणि थेट वाटांचे कोस लिहिले. मग एकेक नगर मधला मुक्काम धरून नगरांच्या प्रत्येक जोडीला विचारले, इथून गेल्यास अंतर घटते का? घटले, की जुना आकडा पुसून नवा.

"पोरी, एका वेळी एकच मुक्काम?" वृद्ध प्रधान हसले. "वाटेत तीन मुक्काम लागले तर?"

"आधीच्या मुक्कामांनी घटवलेले अंतर या आकड्यांत आलेलेच आहे, आजोबा. सात फेऱ्या झाल्या की एकही वाट सुटत नाही."

"राजधानीला तरी वगळ. तिची परीक्षा घ्यायची नसते."

"माझे वडील त्यामुळेच दगड झाले," वज्रा म्हणाली, आणि तिने राजधानीचीही फेरी घेतली.

नीळकंठाने पहिली जोडी विचारली. "नऊ कोस." दुसरी विचारली. "सहा."

"लवणपूर ते चंदनपूर?"

"राजधानीवरून एकोणीस!" प्रधान ओरडले.

"वेळुघाट, शंखद्वार, मग चंदनपूर. चौदा."

वज्रा थेट लवणपूरला गेली आणि तिथून एकटी निघाली. वेळुघाट ओलांडला, शंखद्वार ओलांडले. राजधानीचा कळस उजवीकडे दूर राहिला. तिने मान वळवली नाही. चंदनपूरच्या वेशीत पाऊल टाकताना मात्र तिने श्वास रोखला.

पाऊल पडले. पाऊलच राहिले.

नीळकंठाची राख झाली. सातही वेशींवरच्या शिळा हलल्या, खोकल्या, माणसे झाली. राजाने मुजऱ्याचा रिवाज मोडला आणि ते मृगाजिन सिंहासनाच्या वर टांगले.

पण त्याआधी, वेशीवर, अंगावरची धूळ झटकत वडिलांनी विचारले होते, "राजधानीवरून आलीस ना, बाळ?"

"नाही, बाबा," वज्रा ताठ मानेने म्हणाली. "जवळच्या वाटेने."