राजाची सुरवार आणि तुंबलेला नळ

राजा मानाजीरावाच्या न्हाणीघरात घोटाभर घाण पाणी उभं राहिलं आणि राणी तडक माहेरी निघून गेली. वाड्याचा नळ तुंबला होता.

नळ खापरी, हातभर रुंद. वाड्यापासून ओढ्यापर्यंत सगळा जमिनीखालून गेलेला. वाटेत दोन वळणं, एक मारुतीपाशी आणि एक पेठेतल्या चिंचेपाशी. वरून राजानं काळ्या दगडाची फरशी घातली होती. तिचा त्याला भारी तोरा. नळ बसवतानाच सटवाजी गवंड्यानं सांगितलं होतं, की सरकार, दर वळणावर माणूस उतरेल एवढा हौद ठेवू, वर झाकण घालू, उद्या तुंबलं तर हात घालायला जागा राहील. राजा म्हणाला, माझ्या फरशीला भोकं? देवीचे वण कुणी मुद्दाम अंगावर काढून घेतं का? राजाला अक्कल नव्हती असं नाही. होती, पण वापरायची सवय नव्हती.

आता तुंबल्यावर बोलावलं कुणाला? सटवाजीलाच. त्यानं वाड्याकडून बांबू सारला, तो मारुतीच्या वळणावर अडला. ओढ्याकडून सारला, तो चिंचेच्या वळणावर अडला. बोळा बसलेला मधेच कुठंतरी. सटवाजी म्हणाला, फरशी उकरावी लागेल. राजा म्हणाला, एक दगड हलवायचा नाही. पाच दिवसांत नळ मोकळा कर, नाहीतर बायकोपोरीसकट वेशीबाहेर चालता हो.

चार दिवस सटवाजी नळाच्या तोंडाशी डोकं धरून बसला. बायकोनं भांडीकुंडी बांधायला काढली.

सटवाजीची पोरगी ठकू. बापाबरोबर चुना मळून वाढलेली, जिभेला धार. राजाला कुणी कापड आहेर केलं, की ते तिथल्या तिथं अंगावर घालून दरबारात बसायचं, ही त्या घराण्याची रीत. बाकी काही मोडेल, पण राजा ही रीत मोडत नसे. ठकूला हे ठाऊक होतं. तिनं आईचा लग्नातला शालू पेटीतून काढला. आईनं बोंब मारली. ठकू म्हणाली, वेशीबाहेर शालू नेसून कुणापुढं मिरवणार आहेस? आणि कात्री चालवली.

पाचव्या दिवशी ती दरबारात गेली आणि शालूची सुरवार राजापुढं ठेवली. रेशमी, जरीचा काठ खाली पावलाशी. राजा खूश झाला. पडद्याआड गेला.

बराच वेळ गेला. मग राजा बाहेर आला तो कमर दोन्ही हातांनी गच्च धरून.

"पोरी, हिची नाडी कुठंय?"

"नेफ्यात आहे, सरकार."

"मग टोक कुठं गेलं तिचं?"

"तेही आतच आहे. नेफ्याला तोंड ठेवलं तर शोभा जाते, म्हणून सगळा शिवून टाकला."

राजानं एका हातानं चाचपून पाहिलं. नाडी मागं कुठंतरी गोळा होऊन बसली होती. हाताला लागत होती, पण बाहेर येईना. दिवाणजींना एकाएकी खोकला झाला.

"अगं, तोंडच नाही तर नाडी काढायची कुठून? बांधायची कशी? कात्री आण."

"एक टाका हलवायचा नाही, सरकार. नाडी मात्र मोकळी करा. पाच दिवस देते."

राजाचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू उतरला.

"तू मला नळ शिकवतेस?"

"मी सुरवार शिवली, सरकार. नळ तुमचा तुम्हाला आठवला."

राजाच्या मिशीचं एक टोक हललं. पण हट्टी माणूस, इतक्यात कसा वाकेल! म्हणाला, बरं, एक भोक देतो, एकच. ठकू म्हणाली, नाडी ओवायची काडी सरळ असते, ती वळत नाही. बांबूचंही तसंच. म्हणून दर वळणावर एक तोंड, आणि सरळ वाटेवर एक बांबू पोचेल तेवढ्या अंतरावर एक.

"आणि झाकणं? माझे शिपाई जेवणाचं ताटसुद्धा धड उचलत नाहीत. झाकण आत पाडतील आणि मागनं माझा घोडा जाईल."

"झिजलेल्या मोठ्या जात्यांच्या वरच्या तळ्या, म्हणजे वरचे दगड, बसवू. तोंड गोल, तळीपेक्षा चार बोटं लहान. मग ती आडवी धरा, उभी धरा, आत जायचीच नाही. मधे भोक असतंच, त्यात आकडा घालून उचलायची."

राजानं थोडा वेळ विचार केला. उभ्यानं, कमर धरून. मग म्हणाला, "दिला हुकूम. आता तरी कात्री आण, हात भरून आले."

कात्री ठकूच्या कमरेलाच होती. तिनं पुढून चार टाके उसवले, काडीनं नाडीची दोन्ही टोकं ओढून राजाच्या हातात दिली. राजानं गाठ मारली, सुस्कारा टाकला आणि गादीवर बसला.

त्याच दिवशी मारुतीच्या वळणावर फरशी उकरली, नळ फोडला. आतली हवा विषारी नाही ना हे बघायला सटवाजीनं आधी दोरीनं दिवा आत सोडला. दिवा जळत राहिला, तेव्हा तो उतरला आणि बोळा घेऊन वर आला. बोळा म्हणजे राजाचाच रेशमी शेला! दिवाळीच्या न्हाणात हरवला म्हणून त्यानं तीन नोकर हाकलले होते. नळ खळखळ वाहायला लागला. राजा बघायला आला होता, तो शेला पाहून ओशाळला. तिघांना परत बोलवा म्हणाला, आणि ठकूकडं वळला.

"माग काय हवं ते."

"आईचा शालू द्या, सरकार."

"कुठला शालू?"

"तुम्ही घातलाय तो."

राजानं खाली पायांकडं पाहिलं आणि इतका हसला, की मारुतीच्या पारावरची कबुतरं उडाली. ठकूच्या आईला एकाच्या जागी दोन शालू मिळाले, सटवाजीला साऱ्या गावच्या नळांचं काम मिळालं. राणी माहेराहून परतली. आणि राजा त्यानंतर कुणी सुरवार आहेर केली, तर आधी नाडीचं टोक हाताला लागतंय का ते बघायचा, मगच पडद्याआड जायचा.