ओंजळीचा डोह

समोर दिसतो तो ओंजळीचा डोह. दर चैत्रात काठावरच्या या सपाट कातळावर गावचे पाच मानकरी उकिडवे बसतात, डोहाचं पाणी ओंजळीने पितात, आणि मगच भोयांची जाळी पाण्यात पडतात. डोहात मासेमारी वर्षातून तेवढे आठ दिवस; एरवी गळसुद्धा टाकायचा नाही. वर देवळात तुम्हाला सांगितलं असेल की हा मानकऱ्यांचा मान आहे. मान कसला? ती शिक्षा आहे. म्हातारी मंडळी नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात.

फार मागे, म्हणे, नागोजी गावकर या आसोळ्याचा मुख्य होता. डोह राखायचे भोई. मासा अंड्यावर आला की डोहाला हात लावायचा नाही, खालच्या अंगाला नदीत मिळेल त्यावर भागवायचं, हा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला. त्यावरच त्यांची पोरंबाळं जगत. ज्येष्ठात नागोजीच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाडाला मासे हवेत. चिमाई भोईण सांगायला गेली, "गावकर, माद्या पोटुशा आहेत. एवढ्यात नको."

थांबायचं कोणी? मोठ्यांनी? भोई बाजाराला गेलेले बघून नागोजीने चार जाणते गोळा केले, कुंभ्याची साल ठेचली आणि डोहात कालवली. मासे गुंगून वर आले. मोठे तेवढे टोपल्यांत भरले, बाकीचे तिथेच सडू दिले. चार दिवसांत पाण्याला असा वास सुटला की गुरंही तोंड लावेनात.

चिमाई गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. ज्यांनी हे केलं ते पाचही जण हे पाणी पितील, तेव्हाच बाहेर येईन, म्हणाली.

नागोजी काठावरूनच ओरडला, "वेड लागलंय का तुला? हे पाणी पिण्यासारखं आहे का?"

"मग आम्ही काय प्यायचं?"

नागोजीने वय पुढे केलं. आम्ही वडीलधारे, आमच्याशी असं बोलायचं नाही. ही खोड तेव्हापासूनची आहे.

पण पाच शहाणे एक गोष्ट विसरले. नवरीची पालखी उचलणारेही भोईच. चिमाई पाण्यात उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी, पाठवणीला भोयांनी पालखी नवरीसकट या कातळावर आणून टेकवली आणि बाजूला झाले. व्याही संतापला. वऱ्हाड उन्हात ताटकळलं. शेवटी नवरीनेच पडदा सारला आणि म्हणाली, "बाबा, प्या."

नागोजी प्याला. मागोमाग चौघे प्याले. पाचवी ओंजळ संपली तसा चिमाईच्या पदराखालून बोटाएवढ्या माशांचा थवा सुटला, असं सांगतात. चिमाई मात्र बाहेर आली नाही. ओढून काढली तेव्हा ती गार पडली होती. देवळातल्या गोष्टीत ती देवी होऊन अंतर्धान पावते. देवी केलं की कोणी मारलं ते विचारायला नको.

भोयांनी तिथल्या तिथे ठरवलं: दरवर्षी आधी हे पितील, मग जाळं पडेल.

आजही त्याच पाच घरांतले मानकरी या कातळावर येतात. यंदाही आले. पण दोन वर्षांपूर्वी याच पाचजणांनी वरच्या अंगाला कोंबड्यांच्या शेडला ना-हरकत दिली, आणि तिची घाण ओढ्यातून इथे उतरते. अण्णा गावकरांनी पिशवीतून सीलबंद बाटली काढली आणि ओंजळीत ओतली.

सुगंधाकाकी जाळं खांद्यावर घेऊन उभी होती. भोईवाडीचं सगळं तीच बघते. "हे काय, अण्णा?"

"डॉक्टरांनी बाहेरचं पाणी बंद केलंय गं."

"डोह कधीपासून बाहेरचा झाला?"

बायका फिस्सकन हसल्या. अण्णा लालबुंद. "वडीलधाऱ्यांची चेष्टा करता?"

काकीने जाळं घडी घालून काखेत मारलं आणि चालू लागली. मागोमाग सगळी भोईवाडी.

आज अकरावा दिवस. मासेमारीचे आठ दिवस अजून सुरूच झालेले नाहीत, जाळी कोरडी आहेत आणि भोईवाडीत नुसता मीठभात शिजतोय. म्हणणं एवढंच: शेड हलवा, पाणी निवळू द्या, मग इथे बसून प्या. पाचही जण दार लावून बसलेत. तुम्ही अण्णांच्याच होमस्टेला उतरलात ना? दुपारी ताटात मासा येईल. तो बर्फातून, बाजारातून आलेला. खा पोटभर. फक्त हात धुताना त्यांना मोठ्याने विचारा, अण्णा, पाणी कधी पिताय?