गुंज्याची गोधडी गंजीमागं

भित्रं म्हणं. गुंज्याला भित्रं म्हणती तुझी आत्या? तिला सांग, आधी सगळं ऐक म्हणावं, मग तोंड उघड.

गुंज्या म्हंजे उंदराचं पिल्लू. गुंजेएवढं. त्याची गोधडी राहिली कडब्याच्या गंजीमागं. गोधडीबिगर झोप येईना. आन् गंजीमागं अंधार. अंधारात काय तरी वाजतंय. करम करम, करम करम.

गुंज्या निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

दारात ढाण्या कुत्रा.

"ढाण्यादादा,
गोधडी गंजीमागं,
गंजीमागं अंधार,
मला झोप येईना. चल की."

ढाण्या म्हणाला, "मी भितो व्हय? ह्यॅ. पण बैल आला तर येतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.

गोठ्यात हौशा बैल. शिंगं ही एवढी.

"हौशामामा,
गोधडी गंजीमागं,
गंजीमागं अंधार,
ढाण्या येईना बैलाबिगर,
मला झोप येईना. चल की."

हौशा म्हणाला, "मी भितो व्हय? ह्यॅ. पण पाटील आला तर येतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.

ओट्यावर पोलीस पाटील. मिशा ह्या एवढ्या. हातात काठी. गावाची गस्त ह्याच्याकडं.

"पाटीलतात्या,
गोधडी गंजीमागं,
गंजीमागं अंधार,
ढाण्या येईना बैलाबिगर,
बैल येईना पाटलाबिगर,
मला झोप येईना. चला की."

पाटील म्हणाला, "मी भितो व्हय? ह्यॅ. पण गस्तीला एकट्यानं जायचं नसतं. नेम हाय. कुणी पुढं झालं तर येतो."

"कुणी बी?"

"कुणी बी."

गुंज्यानं शेपटी अंगाशी घेतली. "मग मी होतो पुढं."

गुंज्या निघाला, म्हणून पाटील निघाला.
पाटील निघाला, म्हणून बैल निघाला.
बैल निघाला, म्हणून ढाण्या निघाला.
तुरुतुरु, खाडखाड, धपधप, टपटप.

आली गंज. करम करम, करम करम.

पाटील लपला बैलामागं. बैल लपला ढाण्यामागं. ढाण्यानं डोळंच मिटलं.

गुंज्या गेला पुढं. बघितलं. म्हणाला, "आरं, ही तर आपली कालवड. कडबा खातीय."

कालवड म्हणाली, "मग? जेवू बी नको व्हय? ही घे तुझी गोधडी. पायात येतीय मगापासनं."

गुंज्यानं गोधडी घेतली. अंगावर ओढली. घुर्र, घुर्र.

सकाळी पाटील ओट्यावर मिशा पिळत बसला. म्हणाला, "काल गोधडी मी आणली."

गुंज्याला कुठं ऐकू येतंय? तो झोपला होता.

आता ऊठ. दिवा तू घालव. मी हाय तुझ्या मागं.