शिणलेली पायवाट

एके काळी शहराशेजारच्या, समुद्रकाठच्या डोंगरावर एक पायवाट होती. रोज फिरायला येणाऱ्यांच्या पायांखाली ती पार शिणली होती.

"करवंदीताई, मला झाकून टाक. जरा पडू दे," ती कडेच्या करवंदीच्या झुडपाला म्हणाली.

"पड बाई," म्हणत करवंदीने काटेरी फांद्या तिच्यावर पसरल्या.

सकाळी माणसे आली. "वाट बुजली वाटतं. चला, इकडून चढू," म्हणत ती झाडीत शिरली. करवंदीची नुकती उगवलेली रोपे बुटांखाली मोडू लागली. करवंदीने फांद्या तशाच पसरून ठेवल्या, पण तो आवाज ऐकून पायवाट जागी झाली.

"फांद्या उचल, ताई."

"अगं, पण तुझा शीण?"

"तो आहेच. पण माझी पाठ निबर झालीय. तुझी पोरं अजून कोवळी आहेत."

करवंदीने फांद्या उचलल्या आणि तिच्यावर सावली धरली.