म्हातारीच्या पेरूची अंघोळ

एका गावात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत. मूलबाळ नव्हतं, पण परसात एक पेरूचं झाड होतं आणि म्हातारीच्या लेखी तेच तिचं लेकरू. दिवस मावळला की ती बादली भरून घेई आणि तांब्या-तांब्यानं झाडाला न्हाऊ घाली. कुणी हसलं तर म्हणे, "धुळीनं माखलेलं पोर तसंच निजवतात का?" गळलेली पानंही ती टाकून देत नसे. खोडाभोवती त्यांची जाड गोधडी अंथरी. झाडाचं झाडालाच द्यावं, ही तिची रीत. तिला अडवणार कोण!

एका वर्षी पानांवर तपकिरी ठिपके उठले. ठिपके पसरले, पानं पिवळी पडून गळू लागली. म्हातारीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि अंघोळीला चार तांबे जास्तच घातले. झाड आणखी मलूल झालं.

शेजारीण कुंपणाशी आली. "आजी, वाईट वाटून घेऊ नका, पण माझ्या पेरूलाही ठिपके यायला लागलेत. हे झाड तोडा आता."

म्हातारी घरात जाऊन रडत बसली. म्हाताऱ्यानं जड मनानं कुऱ्हाड घेतली. घाव घालण्याआधी त्यानं एकदा वर पाहिलं आणि हात तिथंच थांबला. शेंड्याकडची पानं स्वच्छ हिरवी होती! तिथं ऊन होतं, वारा होता. म्हातारीचा तांब्या मात्र तिथवर पोचत नव्हता. खालच्या दाटीत पानं रात्रभर ओली राहत. ठिपके होते ते तिथंच, आणि बुडाशी अंथरलेल्या गोधडीत.

त्याला सगळं उमगलं. पण हिला सांगायचं कसं? तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"अगं, झाड वाचेल. पण त्याची अंघोळ बंद करावी लागेल. ती पानंही दूर नेऊन पुरावी लागतील."

म्हातारीचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच आजारी पाडलं का हो त्याला?"

"तुझ्या मायेनं नाही गं. पानांवरच्या ओलीनं."

म्हातारी डोळे पुसून उठली आणि स्वतःच्या हातानं गोधडी उचलू लागली. एक-एक पान वेचून तिनं दूरच्या खड्ड्यात पुरलं. म्हाताऱ्यानं खालच्या दाट फांद्या विरळ केल्या, तेव्हा तिनं डोळे मिटून शिडी धरली. पाणी आता सकाळी, तेही फक्त मुळाशी. शेजारणीलाही तिनं हेच करायला सांगितलं.

डाग पडलेली पानं काही बरी झाली नाहीत. ती गळूनच गेली. झाड उघडंबोडकं दिसू लागलं आणि रोज संध्याकाळी म्हातारीचा हात तांब्याकडे जाई. तिचा जीव तुटे, पण ती हात मागे घेई.

मग एके दिवशी कोवळी पालवी फुटली. एकाही पानावर ठिपका नव्हता. म्हातारीनं पान हलकेच गालाला लावलं. ते कोरडं होतं आणि उन्हानं कोमट झालं होतं.

"बाळा," ती म्हणाली, "तुला काय हवंय, ते मी कधी विचारलंच नव्हतं रे."

तात्पर्य: माया करताना आपली हौस नव्हे, समोरच्याची गरज पाहावी.